बंद घरातल्या पाच बहिणी : आया-लेकींना एका खोलीत बसवून हा सिनेमा कसा दाखवायचा

'द व्हर्जिन सुइसाइड्स' हा सिनेमा वयात आलेल्या मुलींना दाखवावा का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणते. आणि लगेच सांगते, नुसता लावून देऊ नका. सोळाच्या पुढच्या मुली, त्यांच्या आया, आणि सिनेमा संपल्यावर बोलायला निदान तासभर, एवढी सोय होत असेल तरच लावा. कोल्हापूरच्या प्रतिभानगरात माझा शिवणक्लास आहे. वरच्या खोलीत भिंतीला पांढरी चादर ताणून रविवारी दुपारी मी क्लासच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना सिनेमे दाखवते. त्यात ह्या सिनेमानं जेवढं बोलतं केलं तेवढं दुसऱ्या कुठल्याच सिनेमानं केलं नाही. आता आमची एक पद्धत बसली आहे, ती इथं लिहिते. शाळेतल्या बाईंना, महिला मंडळाला, किंवा ज्यांच्या घरी दोन-तीन मुली आहेत अशा आईला उपयोगी पडावी म्हणून.

आधी सिनेमाबद्दल. सोफिया कोपोला यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. १९९९ च्या मे महिन्यात कानच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि अमेरिकेत २००० साली थिएटरला लागला. जेफ्री युजेनिडीस यांच्या १९९३ च्या कादंबरीवरून तो केला आहे. लांबी दीड तासाच्या थोडी वर, ९७ मिनिटं. गोष्ट घडते मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराच्या कडेच्या ग्रोस पॉइंट नावाच्या उपनगरात, १९७० च्या दशकात. लिस्बन घराण्यातल्या पाच बहिणी, सतरा वर्षांच्या थेरेसपासून तेरा वर्षांच्या सिसिलियापर्यंत. मधल्या मेरी, बॉनी आणि लक्स. लक्सचं काम कर्स्टन डन्स्टनं केलंय. वडील मुलींच्याच शाळेत गणित शिकवतात, आई कडक आणि देवभक्त. सगळ्यात धाकटी जीव देते, त्यानंतर आईवडील उरलेल्या चौघींवर जास्तच लक्ष ठेवायला लागतात, आणि शेवटी त्यांची शाळाही बंद करून त्यांना घरात ठेवतात. मग त्या चौघीही जीव देतात.

शेवट मी इथं मुद्दाम सांगितला. तुम्हीही आधीच सांगा. सिनेमा स्वतःच पहिल्या काही मिनिटांत ते सांगून टाकतो, त्यामुळं कुणाची मजा जात नाही. उलट 'पुढं काय होणार' ही धाकधूक निघून गेली की मुली 'हे कसं होत गेलं' याकडं बघतात.

आधी एकटीनं बघा

दाखवायच्या आदल्या आठवड्यात एकदा शांतपणे स्वतः बघून घ्या. एक गोष्ट धरून बघा : ही गोष्ट सांगतंय कोण? बहिणी सांगत नाहीत. समोरच्या घरांतली, शेजारची मुलं सांगतात, आणि तीही मोठी होऊन, पंचवीस वर्षांनी मागं वळून. त्यांनी बहिणींची रोजनिशी मिळवलीय, फोटो जमवलेत, बारीकसारीक वस्तू जपून ठेवल्यात. दुर्बिणीतून त्यांचं घर बघितलंय. सगळं जमवून झालं तरी बहिणी त्यांना कळलेल्या नाहीत, आणि ते तसं कबूलही करतात. एडवर्ड लॅकमन यांचं छायाचित्रण सोनेरी उन्हातलं, एअर या फ्रेंच जोडगोळीचं संगीत तरंगतं. हे सौंदर्य त्या मुलांच्या आठवणीतलं आहे. बहिणींचा दिवस तसा नव्हता. हा फरक तुमच्या मनात पक्का असला पाहिजे, कारण एखादी मुलगी ते सोनेरी ऊन बघून म्हणते, "काय सुंदर दिसतात ओ ह्या!" आणि तिथंच अडकते. ह्या सिनेमात मला खरी काळजी त्याचीच वाटते. मरण सुंदर दिसता कामा नये.

मग बघा, बहिणींना कोण कोण भेटतं. डॉक्टर भेटतात. ते धाकटीला म्हणतात, आयुष्य किती वाईट असतं हे कळायचं तुझं वय तरी झालंय का. त्यावर ती जे उत्तर देते, की तुम्ही कधी तेरा वर्षांची मुलगी नव्हता, ते आमच्या खोलीत प्रत्येक वेळी मुलींना हलवून जातं. धर्मगुरू येऊन जातात, टीव्हीची बाई येते, शेजारणी बोलतात. सगळ्यांना ह्या मुलींबद्दल काहीतरी म्हणायचं असतं. त्यांना बसवून, बाई तुला काय पाहिजे, असं कुणी विचारत नाही. तुम्ही जो कार्यक्रम करणार आहात तो सगळा ह्या एका न विचारलेल्या प्रश्नाभोवती बांधायचा आहे.

माझ्या कामामुळं असेल, पण मला एक प्रसंग फार जवळचा वाटतो. शाळेच्या डान्सला जायची परवानगी मिळते. मुली खुशीनं कापड आणि पॅटर्न निवडतात. आई प्रत्येक कपड्याला छातीत, कमरेत, खाली घेरात इतकं जास्तीचं कापड सोडते, की चार निवडींची शेवटी चार एकसारखी ढगळ पोती होतात. सिनेमात हे पटकन येऊन जातं. मी मात्र तिथं नेहमी थांबते, कारण हा प्रसंग माझ्या दुकानात रोज होतो. आई मुलीला घेऊन येते. मी टेप लावते, मुलगी हात बाजूला करून ताठ उभी राहते. आई मागनं म्हणते, "ताई, फिटिंग नको हं, ढगळच शिवा. आणि गळा वर घ्या." मुलगी आरशात बघते, मग माझ्याकडं बघते, आणि गप्प. माप येतं बत्तीस, आणि मी वहीत छत्तीस लिहावं अशी आईची अपेक्षा. वाढत्या वयाच्या पोरीच्या कपड्याला आतनं माया, म्हणजे शिलाईच्या आतलं कापड, जास्त सोडावी, हे मीही क्लासात शिकवते. वर्षभरानं शिलाई उसवून तोच कपडा तिच्या अंगाबरोबर मोठा करता येतो. पण बाहेरून ढगळ शिवलेला कपडा आजही तिचा नसतो आणि पुढच्या वर्षीही नसतो. आता मी टेप हातात घेण्याआधी मुलीलाच विचारते, "तुला कसा पाहिजे ग?" आईचं नंतर ऐकते. सिनेमा दाखवतानाही माझा क्रम हाच असतो.

कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही

सोळाच्या खालच्या मुली नकोत. अमेरिकेत ह्या सिनेमाला सतरा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसाबरोबरच बघावा असं प्रमाणपत्र आहे. त्यात सिगारेटी आहेत, शरीरसंबंध सूचित होतात, आणि मृत्यू आहेत. आयांना हे फोनवर आधी स्पष्ट सांगा. समोर बसल्यावर आईला धक्का बसला की ती मुलीचा हात धरून उठते, आणि ती मुलगी परत येत नाही.

जिच्या घरात, शेजारात किंवा वर्गात अलीकडं कुणी जीव दिलाय, तिला ह्या वेळी बोलवू नका. जी मुलगी स्वतः त्या दिवसांतून गेलीय, तिलाही नको. तिला वगळलं असं वाटू नये म्हणून तिच्यासाठी दुसरा रविवार ठेवा, दुसरा सिनेमा ठेवा, आणि तिला एकटीला खरं कारण सांगा.

संख्या लहान ठेवा. सात-आठ मुली आणि तेवढ्याच आया. त्यापेक्षा जास्त झाल्या की बोलणाऱ्या दोघी बोलतात आणि बाकीच्या पदर सावरत बसतात. हॉल घेऊन, तिकीट लावून, गावाला आमंत्रण देऊन दाखवायचा असेल तर ते सार्वजनिक प्रदर्शन होतं. त्याला सिनेमाच्या हक्कदारांची परवानगी काढावी लागते. घरच्या घरी, आपल्याच माणसांत दाखवणं वेगळं.

काही घरांतून पहिला प्रश्न येतो, "असले सिनेमे कशाला?" त्यांना मी आपल्या गावाची आठवण करून देते. बाबूराव पेंटरांनी इथं १९१८ मध्ये स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला. १९२९ मध्ये प्रभात कंपनी इथंच उभी राहिली आणि चार वर्षांनी पुण्याला गेली. जयप्रभा स्टुडिओवरनं ज्यांचं रोजचं येणंजाणं होतं अशी घरं मंगळवार पेठेत आजही आहेत. सिनेमा बघून त्यावर घरात चर्चा करणं कोल्हापूरला नवीन नाही. एवढ्यावर निम्म्या आया ऐकतात. उरलेल्यांना मी एकटीनं येऊन आधी सिनेमा बघून जा म्हणते. त्यातल्या बऱ्याच जणी नंतर स्वतः लेकीला घेऊन येतात.

खोली

आया मागं आणि मुली पुढं, अशी बैठक कधीच करू नका. आई मागं बसली की लेक सिनेमा बघत नाही, पाठीवरची नजर सांभाळत बसते. मी सतरंजी मधोमध दुमडून दोन भाग करते, एका बाजूला मुली, दुसऱ्या बाजूला आया, दोघींपासून पडदा सारख्याच अंतरावर. आई आणि तिची मुलगी एकमेकींच्या समोरासमोर येणार नाहीत एवढं बघते.

भाषा इंग्रजी आहे. इंग्रजी सबटायटल लावा, मुलींना त्याची मदत होते. आयांसाठी मी आधी दहा मिनिटांत मराठीत गोष्ट सांगते, कोण कुणाची काय लागते ते फळ्यावर लिहिते. बहिणींची पाच नावं मोठ्या अक्षरांत फळ्यावर शेवटपर्यंत राहू देते. सिनेमात लक्सच जास्त दिसते, बाकीच्या एकीत एक मिसळून जातात. नावं समोर असली की मुली विचारतात, "ही बॉनी कुठली?" हा प्रश्न फार चांगला आहे. सांगणाऱ्या मुलांनाही तो नीट सुटलेला नव्हता.

सुरू करायच्या आधी दोन वाक्यं सांगायची. कुणालाही, कधीही उठून खाली जायची मुभा आहे, कारण सांगायची गरज नाही. आणि खाली स्वयंपाकघरात एक मोठी बाई बसलेली असेल. ती बाई आधी ठरवून ठेवा, आणि तिला सिनेमा माहीत असू दे. खाणंपिणं सिनेमा चालू असताना नको. चहा आणि भडंग नंतर.

कुठं थांबवायचा

मी तीनच ठिकाणी थांबवते. बाकी सलग चालू देते.

पहिलं ठिकाण कपड्यांचं. तिथं थांबवून मी मुलींना एवढंच विचारते, ह्यातला तुमचा ड्रेस कुठला असता? हसतात, बोलतात, अंग सैल होतं.

दुसरं, डान्सनंतरचं. लक्स रात्री घरी परत येत नाही. जो मुलगा तिला घेऊन गेला होता, तो तिला फुटबॉलच्या मैदानावर झोपलेली तशीच टाकून निघून जातो. पहाटे ती एकटीच टॅक्सीनं घरी येते, आणि त्यानंतर घराला कुलूप लागतं. इथं आयांचा जीव वर येतो, आणि त्यांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "मग चुकलंच की तिचं!" ते अडवू नका, पण त्यावर वादही घालू नका. एवढंच विचारा : त्या पहाटे दार उघडल्यावर तिला पहिलं काय हवं असेल? उत्तर मुलींकडून येऊ दे. एका मुलीनं दिलेलं उत्तर मी विसरलेली नाही. ती म्हणाली, "पाणी." एवढंच. तिची आई बराच वेळ चादरीकडं बघत राहिली. मैदानावर टाकून गेलेल्या मुलाबद्दलही बोला. शिक्षा चार बहिणींना झाली, त्याला काही झालं नाही, हे मुलींच्या लगेच ध्यानात येतं. आयांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागतो.

तिसरं ठिकाण माझ्या मनाचं. शाळा बंद झालेल्या बहिणी टपालानं प्रवासाचे कॅटलॉग मागवतात. परदेशातल्या सहलींची रंगीत पानं उलटत पडून राहतात. समोरची मुलंही तेच कॅटलॉग मागवतात, म्हणजे मनातल्या मनात त्यांच्याबरोबर प्रवास करता येईल. इथं सिनेमा थांबवून मी सगळ्यांना कागदाच्या चिठ्ठ्या आणि पेन देते. अट एकच : परदेश नको. कोल्हापुरात किंवा आसपास, जिथं एकटीनं किंवा फक्त मैत्रिणींबरोबर जावंसं वाटतं, पण जाऊ दिलं जात नाही, अशी एक जागा लिहा. नाव घालू नका. मुलींनी निळ्या पेननं, आयांनी काळ्या.

चिठ्ठ्या तेव्हा वाचायच्या नाहीत. डब्यात टाकायच्या आणि सिनेमा पुढं चालू करायचा.

शेवटचा भाग मी कधीच थांबवत नाही, आणि त्या वेळी खोलीतली एक बत्ती चालू ठेवते. शेवटाकडं लक्स आईला सांगते की इथं श्वास कोंडतोय, आणि आई म्हणते की तू इथं सुरक्षित आहेस. आईचं शेवटचं म्हणणंही तसंच आहे, की माझ्या मुलींना प्रेमाची कमी कधीच नव्हती. ते खोटं नाही. ह्या आईला खलनायिका करून टाकू नका. तिला मुली हव्या होत्या, आणि त्या जपायचा एकच मार्ग तिला माहीत होता. वडीलही दुष्ट नाहीत. निर्णय आई घेते आणि ते बघत राहतात, एवढंच. खोलीतल्या आयांना पडद्यावर राक्षसीण दिसली तर त्या म्हणतील, "मी काय अशी नाही बाई," आणि बोलणं संपेल. स्वतःसारखी आई दिसली तर त्या बसून राहतील.

नंतरचा तास

चहा द्या. कुणी रडत असेल तर रडू द्या. मग पहिला नियम सांगा : पहिली वीस मिनिटं फक्त मुली बोलतील. आयांनी मध्ये बोलायचं नाही, मान हलवायची नाही, डोळे मोठे करायचे नाहीत. हे हसत सांगा, पण पाळायला लावा. मी घड्याळ समोर ठेवते.

'तुला सिनेमा कसा वाटला' असं विचारू नका, सगळ्या 'छान' म्हणतात. 'त्यांनी असं का केलं' हेही विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर सिनेमा देत नाही, आणि एकच कारण शोधायला लागलं की मुली मरणाचं गणित मांडत बसतात. खऱ्या आयुष्यातही एका कारणानं कुणी जीव देत नाही. आजारपण, एकटेपण, अपमान, बंद झालेली दारं, असं बरंच काही साठत आलेलं असतं. कसं केलं, हेही पुन्हा घोळवू नका. कुणी विचारलं तर, "ते आपण नको बोलूया," म्हणून पुढं जा.

मी हे विचारते : बहिणींपैकी कुणाला तुम्ही घरी बोलवलं असतं? मुलं आणि बहिणी फोनवर एकमेकांना रेकॉर्डवरची गाणी ऐकवतात, बोलत काहीच नाहीत. तुम्ही असं गाणं कुणाला पाठवता? आणि मदत मागायची झाली असती तर त्या घरात, त्या गल्लीत कुणाकडं मागता आली असती? शेवटच्या प्रश्नावर आमच्याकडं मजेशीर वाद झाला. शिवाजी पेठेतली एक मुलगी म्हणाली, "आमच्या गल्लीत असं झालंच नसतं काकू, कुणीतरी दार वाजवलंच असतं." त्यावर नागाळा पार्कातली म्हणाली, "आमच्या शेजारच्यांचं नावही मला माहीत नाही." तिसरी म्हणाली, "पेठेत दार वाजवतात, पण ते आत काय चाललंय बघायला. मला गल्लीतल्या कुणाला काही सांगायचं झालं तर संध्याकाळपर्यंत तालमीपर्यंत जाईल." तिघींचंही खरं होतं. एकीकडं गेटं बंद, एकीकडं दारं उघडी, आणि बोलायला जागा दोन्हीकडं नाही. मी त्यांना ते तसंच बोलू दिलं, माझं मत मध्ये घातलं नाही.

वीस मिनिटं झाली की डबा उघडा.

चिठ्ठ्या तुम्ही मोठ्यानं वाचा, रंगाकडं बघून सांगू नका. रंकाळ्यावर अंधार पडल्यावर कठड्यावर बसायचं. एस.टी.नं जोतिबाला, एकटीनं, खिडकीपाशी. पन्हाळ्यावर पावसात. कुस्ती बघायला खासबाग मैदानात. महाद्वार रोडवर नुसतं फिरायचं, काही न घेता. लायब्ररीत बंद होईपर्यंत. नदीच्या घाटावर सकाळी. वाचून झाल्यावर मग रंग सांगा. आमच्याकडं जोतिबाची चिठ्ठी काळी निघाली. रंकाळ्याच्या दोन होत्या, एक निळी, एक काळी. खासबागेची काळी होती, आणि ती लिहिणाऱ्या बाईंनी आपण होऊन हात वर केला. त्यांच्या वडिलांनी लहानपणी खांद्यावर बसवून एकदा नेलं होतं, नंतर कधी नाही. त्यांची मुलगी आईकडं अशी बघत होती की जणू ही बाई तिला आजच भेटली.

इथून पुढं आयांनाही बोलू द्या. आता त्या लेकीची बाजू किंवा आपली बाजू असं बोलत नाहीत. आपल्याला काय काय जाऊ दिलं नाही ते सांगतात. कॉलेजला घातलं पण सहलीला पाठवलं नाही. सायकल दिली पण सातच्या आत. मुलींना हे पहिल्यांदा ऐकायला मिळतं. ह्या टप्प्यावर तुमचं काम फक्त चहा ओतायचं.

एखादी गप्प झाली तर

सगळ्यात जास्त बोलणारीवर लक्ष ठेवू नका, गप्प झालेलीवर ठेवा. जी चहाचा कप तसाच ठेवते, चपला घालायला शेवटपर्यंत थांबते, ती. तिला बाजूला घ्या आणि सरळ विचारा, "तुझ्या मनात कधी जीव द्यावा असं येतं का?" असं विचारल्यानं डोक्यात नसलेलं येतं, हा मोठा गैरसमज आहे. विचारल्यानं ती सुटते. ती हो म्हणाली तर घाबरून उपदेश सुरू करू नका, 'तुला काय कमी आहे' असं तर अजिबात म्हणू नका. ऐका. तिला एकटं सोडू नका. घरातल्या कुठल्या मोठ्या माणसाला सांगायचं, ते तिलाच विचारून ठरवा आणि त्याच दिवशी सांगा. गुपित ठेवायचं वचन देऊ नका.

टेलिमानस ही सरकारची मदतवाहिनी आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. अठराच्या आतल्या मुलींसाठी चाइल्डलाइनचा १०९८. हे दोन्ही नंबर मी खोलीच्या भिंतीवर, आरशाच्या शेजारी लावलेत. माप द्यायला उभी राहिलेली प्रत्येक मुलगी त्या आरशात बघतेच. कुणाला ते टिपून घ्यायचे असतील तर कुणाच्या नजरेत न येता घेता येतात.

वडिलांचं काय

वडील ह्या बैठकीला नकोत, हे माझं मत आहे. पहिल्या वेळी तरी नकोत. पण त्यांना अंधारातही ठेवू नका. चिठ्ठीतली एक जागा आई आणि मुलीनं मिळून घरी सांगायची, एवढं काम मी लावून देते. 'हिला रंकाळ्यावर एकटीला बसायचंय' असं आई म्हणाली तर त्याला वजन येतं. काही वडील 'आपल्याकडं असलं चालत नाही' म्हणतात. त्यांच्यासाठी माझ्याकडं एकच उत्तर आहे, आणि ते ह्याच मातीतलं आहे. १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव शिवाजी महाराज गेले. सून इंदुमतीदेवी लग्नाला जेमतेम वर्ष झालं तोच, अगदी कोवळ्या वयात विधवा झाल्या. त्या काळी राजघराण्यातल्या विधवेला पडद्याआड बसवणं हीच रीत. महाराजांनी त्यांना कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवून, बरोबरीच्या मुली सोबत देऊन शिकवलं. स्वतःच्या घरातलं विरोधाचं बोलणं ऐकून घेऊन शिकवलं. आपल्याकडं काय चालतं, ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ठरवून दिलंय. एवढं सांगून मी थांबते. पुढचं त्या घरानं बघायचं.

परवानगी मिळाली म्हणून लगेच मोकळं सोडा, असं मी कुणाला सांगत नाही. रस्ते कसे आहेत ते मलाही माहीत आहे. पहिल्या वेळी दोन मैत्रिणी मिळून जाऊ देत, उजेडी, केएमटीच्या सिटी बसनं किंवा ओळखीच्या रिक्षानं, परत यायची वेळ ठरवून. उशीर झाला तर फोन करायचा, आणि फोन केल्याबद्दल रागवायचं नाही, हे आईनं आधीच कबूल करायचं. पहाटे टॅक्सीतनं उतरणाऱ्या मुलीला घरी फोन करावासा वाटला पाहिजे, तयारी तेवढ्यासाठी करायची.

त्या आठवड्यात प्रत्येक मुलीला एकदा फोन करा. सिनेमाबद्दल विचारू नका, झोप लागते का, जेवतेस का, जागेचं काय झालं, एवढं विचारा. चिठ्ठ्या डब्यात साठवून ठेवू नका, पुढच्या क्लासला डबा पुढं करा, जिची तिनं आपापली उचलून घेऊ दे. आणि पुढचा सिनेमा मुलींना निवडू द्या. आमच्या मुलींनी मारामारीचा निवडला. तो दाखवला, त्यावरही तासभर बोललो.